रिकाम्या बंदुकीचे नियम

आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातली पहिली बंदूक हातात धरली ती जत्रेत. उभ्या फळीवर ओळीने लावलेले रंगीत फुगे, अलीकडे एक बाक, आणि बाकामागे उभे राहून एकामागून एक बंदुका मोडून, छर्रा भरून गिऱ्हाइकांच्या हाती देणारा फुगेवाला. एकाच्या हातात भरलेली बंदूक दिली की तो दुसऱ्यासाठी नवे फुगे लावायला त्याच फळीकडे जातो. तेवढ्या वेळात ती भरलेली बंदूक कुठे रोखलेली असते, हे कोणी पाहत नाही. पाठीमागे आई कडेवरच्या लेकराला फुगे दाखवत उभी असते. शेजारचा पोरगा ‘मला पण’ म्हणून नळीलाच हात घालतो. ‘काही होत नाही हो’ हा या खेळाचा एकमेव नियम. बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही आणि म्हणूनच तो नियम टिकून आहे.

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाच्या मनात ही जत्रा आणि सिनेमातला गोळीबार अशा दोनच गोष्टी असतात. प्रत्यक्षात तिथे त्याला पहिल्यांदा येतो तो कंटाळा. मुले जाडजूड जॅकेट घालून दहा-दहा मिनिटे नुसती उभी असतात. कोणी बोलत नाही. बंदूक उचलतात, नेम धरतात आणि न झाडताच खाली ठेवतात. मध्येच एक आवाज येतो, ‘स्टॉप’, आणि सगळी रांग थबकते. माझी पुतणी तीन वर्षांपासून एअर रायफल शिकते आणि तिला सोडणे-आणणे माझ्याकडे असल्याने रेंजच्या मागच्या बाकावर मी बरेच शनिवार काढले आहेत. त्या बाकावरून जे दिसले त्यातून माझे एक मत बनले आहे. रेंजवरची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिथली रायफल नव्हे, इलेक्ट्रॉनिक टार्गेटही नव्हे. ती म्हणजे तिथली शिस्त. आणि नेमकी तीच पाहण्याची तसदी आपण पालक घेत नाही.

हा विषय आज घराघरांतला झाला आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. एन.सी.सी.तून पुढे आलेल्या अंजली भागवत, अथेन्सच्या अंतिम फेरीत गेलेल्या सुमा शिरूर, २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत, २०२२ चा विश्वविजेता रुद्रांक्ष पाटील अशी ही परंपरा आपल्या राज्यात आधीपासूनच आहे. दहा मीटरच्या एअर रायफलला मैदान लागत नाही. लांबट दिवाणखाना, शाळेचा रिकामा हॉल, इमारतीचे तळघरही पुरते. त्यामुळे वरळीच्या किंवा बालेवाडीच्या मोठ्या रेंजवर न जाताही मुले आपल्या गावातच नेमबाजी शिकू लागली आहेत. हे चांगलेच आहे. पण मुलाचे नाव घालायला आलेले पालक काय विचारतात ते ऐकावे. फी किती, कोचला पदके किती, रायफल स्वतःची घ्यावी लागेल का, दहावीच्या गुणांत काही धरतात का. इथले नियम काय आहेत आणि ते मोडणाऱ्याचे काय होते, हे विचारणारा पालक मला अजून भेटायचा आहे.

म्हणून आधी ते नियमच साध्या शब्दांत सांगतो. दहा मीटरच्या रेंजवर एक रेषा असते. तिच्यावर उभे राहूनच बंदूक हाताळायची. नळी सदासर्वदा टार्गेटच्या दिशेला. रायफल पेटीतून काढताना तिच्या नळीत एक भडक रंगाची दोरी आरपार घातलेली असते. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. दोरी या टोकातून त्या टोकाला बाहेर आलेली दिसली, म्हणजे नळीत छर्रा नाही. परवानगी मिळाल्यावरच ती काढायची आणि नेमबाजी संपली की पुन्हा घालायची. बंदूक खाली ठेवताना छर्रा भरण्याची जागा उघडी हवी, म्हणजे चार पावलांवरूनही ती रिकामी असल्याचे कळावे. बोट चापावर केव्हा जाईल, तर नेम धरल्यावर. त्याआधी ते बाहेर, सरळ. रेंज ऑफिसर म्हणेल तेव्हाच भरायचे आणि तो ‘स्टॉप’ म्हणेल त्या क्षणी थांबायचे. कोणी टार्गेटकडे जाणार असेल, तर साऱ्या बंदुकांत दोऱ्या, आणि तो परत येईपर्यंत कोणीही बंदुकीला हात लावायचा नाही. नुसता नेमाचा सराव म्हणून रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायचा असेल, तरी तो रेषेवरच आणि विचारूनच.

एवढेच. यात न समजण्यासारखे काही नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे अर्ध्या तासात पाठ होते. अडचण पाठ होण्याची नाहीच. हे नियम ज्या वेळी पाळायचे असतात, त्या वेळी ते हटकून अनावश्यक वाटतात, ही खरी अडचण आहे.

पहिला आक्षेप येतो तो छऱ्याचा. ‘अहो, एअर गन तर आहे, त्यात एवढे काय?’ हा प्रश्न मी सुशिक्षित माणसांकडून ऐकला आहे. आपल्या कायद्यानुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर गनला परवाना लागत नाही. त्यावरून लोक परस्पर असा अर्थ काढतात की ते खेळणे आहे. कायद्याने परवाना नको म्हटले आहे. इजा होणार नाही असे म्हटलेले नाही. स्पर्धेच्या रायफलमधला छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो, पण तो सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. ताशी सहाशे किलोमीटरचा हा वेग झाला. तो कागदाला गोल भोक पाडतो. डोळा कागदाहून फार बळकट नसतो. टणक भिंतीवर किंवा लाकडी फळीवर आपटून तो उलटही फिरतो. म्हणून टार्गेटमागे छर्रा अडवणारी लोखंडी पेटी लागते आणि म्हणूनच नेमबाजाने चष्मा लावायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो वरवर तर्काला धरून वाटतो. बंदूक रिकामी असेल तर नळी कुठेही असली म्हणून काय बिघडले? तर्क बरोबर आहे. फक्त ‘रिकामी असेल तर’ हे आपल्याला कसे कळले, याचे उत्तर त्यात नाही. बहुधा कोणीतरी सांगितलेले असते. किंवा आपल्यालाच आठवत असते.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ‘रस्ट’ नावाच्या चित्रपटाची तालीम चालू होती. नटाच्या हाती रिव्हॉल्व्हर देताना ते धोक्याचे नाही, असे सेटवर पुकारण्यात आले. त्या पुकाऱ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. रिव्हॉल्व्हरमध्ये खरे काडतूस होते. कॅमेरा सांभाळणाऱ्या हलिना हचिन्स या बेचाळीस वर्षांच्या स्त्रीचा त्यात मृत्यू झाला आणि दिग्दर्शक जखमी झाला. सेटवरच्या शस्त्रांची जबाबदारी ज्या तरुणीकडे होती, तिला २०२४ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तिथे नियम नव्हते असे नाही. पण बंदूक प्रत्यक्ष उघडून पाहण्याच्या जागी एक शब्द आला, आणि तो शब्द खोटा निघाला. नळीतून आरपार गेलेली दोरी आणि ‘रिकामी आहे’ हे वाक्य यांत हाच फरक आहे. दोरीची स्मरणशक्ती चुकत नाही, तिला घाई नसते आणि तिला कोणाची भीडही पडत नाही.

जेफ कूपर नावाच्या अमेरिकी कर्नलने शस्त्र हाताळण्याचे चार नियम लोकप्रिय केले. त्यांचा आशय असा : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे धरा, जे नष्ट व्हायला नको आहे त्याच्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, आणि लक्ष्य कोणते व त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा. वाचताना एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितल्यासारखी वाटते. पण बारकाईने पाहिले तर एक नियम मोडला तरी दुसऱ्याने वाचवावे, अशी ती रचना आहे. बोट चुकून चापावर गेले, पण नळी समोर होती, तर भिंतीत एक छर्रा जाईल, माणूस वाचेल. नळी भलतीकडे गेली, पण बोट बाहेर होते, तर काहीच होणार नाही. अपघात व्हायला दोन-तीन नियम एकाच वेळी मोडावे लागतात. म्हणजे हे नियम माणूस चुकणारच असे गृहीत धरून केलेले आहेत. त्यात कोणाचाही अपमान नाही. पहिल्या दिवशी आलेला पोरगा आणि ऑलिंपिकला जाऊन आलेला खेळाडू दोघेही चुकू शकतात, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

आपल्या अंगवळणी पडत नाही ती हीच गोष्ट. आपल्याकडे नियमाची आठवण करून देणे म्हणजे अविश्वास दाखवणे. ‘तुम्ही मला शिकवणार?’ हा आपला ठरलेला प्रतिप्रश्न. स्कूटरवर हेल्मेट, मंदिरात रांग, इस्पितळात भेटीची वेळ. नियम सगळ्यांसाठी असतो आणि आपण त्या ‘सगळ्यां’त नसतो. माणूस जितका मोठा, तितका त्याला नियम कमी. रेंजवर हा हिशोब उलटा असावा लागतो, कारण मोठा माणूस चुकला तर त्याला टोकायला कोणी धजत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका शालेय स्पर्धेच्या उद्घाटनाला मी हजर होतो. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्यात हशील नाही, हे कुठेही घडू शकते. प्रमुख पाहुण्यांच्या हाती हारतुऱ्यांनंतर एक रायफल देण्यात आली. दोरी फोटोत चांगली दिसणार नाही म्हणून ती काढलेली होती. छायाचित्रकार रेषेच्या पुढे जाऊन बसले आणि ‘साहेब, इकडे, इकडे’ म्हणू लागले. साहेब इकडे वळले. त्यांच्याबरोबर नळीही वळली. शंभरेक माणसे हे पाहत होती. स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेली बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तेवढी पुढे झाली आणि म्हणाली, ‘‘सर, नळी टार्गेटकडे ठेवा ना. पुढे माणसं आहेत.’’ सभागृहात हशा पिकला. पाहुणे शहाणे निघाले. त्यांनी निमूटपणे रायफल वळवली आणि टेबलावर ठेवली. संयोजकांना मात्र ते खपले नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मुलीला बाजूला घेऊन सुनावले, ‘‘मोठ्या माणसांशी असं बोलतात का? रिकामी होती ती.’’ मी त्यांना म्हटले, ‘‘अहो, तुम्हीच तर तिला हे शिकवलंत.’’ ते म्हणाले, ‘‘शिकवलंय ते खेळाडूंसाठी. पाहुण्यांसाठी नाही.’’

त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. रेंज उभी करायला त्यांनी पदरचे पैसे घातले होते. पण त्या एका वाक्याने तीन वर्षांचे शिक्षण पुसले गेले असेल. पुढच्या वेळी ती मुलगी बोलेल का? आणि ती बोलली नाही, तर त्या रेंजवरच्या भिंतीला टांगलेल्या नियमांच्या फलकाचा उपयोग काय?

या संदर्भात मला एक जुना योगायोग फार अर्थपूर्ण वाटतो. भारतातल्या नेमबाजीची मध्यवर्ती संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ मध्ये स्थापन झाली, ती ग. वा. ऊर्फ दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने. तेच तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर उभी असते. हेच मावळंकर पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. लोकसभेत असा दंडक आहे की अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने आपले वाक्य अर्धे टाकून खाली बसायचे. मग तो साधा सदस्य असो की पंतप्रधान. रेंज ऑफिसरच्या ‘स्टॉप’चाही अर्थ हाच आहे. चांगल्या रेंजवर तर आणखी एक पायरी पुढे जातात. धोका दिसला तर कोणीही ‘स्टॉप’ म्हणावे, अगदी पहिल्या दिवशीच्या मुलानेही, आणि तो शब्द ऐकून सर्वांनी थांबावे. तो विनाकारण म्हटला गेला असे नंतर ठरले, तरी म्हणणाऱ्याला रागवायचे नाही. दहा वेळा उगाच थांबलो तर दहा मिनिटे जातात. अकराव्या वेळी न थांबल्याची भरपाई कशानेही होत नाही.

आणखी एक घटना पालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पर्यटकांसाठी चालवलेल्या एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती ‘उझी’ ही स्वयंचलित बंदूक दिली गेली. आधी एकेक गोळी झाडून झाली, मग बंदूक सलग गोळीबारावर लावण्यात आली. त्या धक्क्याने नळी वर उसळली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक मरण पावला. मुलीने एकही सूचना मोडली नव्हती. मोठ्यांनी जे सांगितले तेच ती करत होती. कोणावरही फौजदारी खटला झाला नाही. म्हणजे कागदावर सगळे नियमात होते. पण आपल्या मुलाच्या ताकदीला आणि वयाला काय झेपेल, हा विचार कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो. तो मोठ्यांनी करायचा असतो. ‘आमचा हुशार आहे हो, द्या त्याला पॉइंट टू-टू’ असे म्हणणारे वडील मी पाहिले आहेत. पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते, हे त्यांना बहुधा माहीत नसते.

डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्यांइतकेच न दिसणारे धोकेही रेंजवर असतात आणि त्यांच्याबाबतीत आपला निष्काळजीपणा अधिक आहे. छर्रे शिशाचे असतात. ते हाताळलेल्या बोटांनीच वडापाव खाल्ला की शिसे पोटात जाते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ते मोठ्यांपेक्षा फार अधिक घातक. पॉइंट टू-टूच्या काडतुसात तर बार पेटवणाऱ्या मसाल्यातही बहुधा शिशाचे संयुग असते आणि त्याचा धूर श्वासातून जातो. म्हणून बंदिस्त रेंजमध्ये हवा नेमबाजाच्या पाठीकडून टार्गेटकडे वाहायला हवी, रेंजवर खाणेपिणे नको, घरी जाण्याआधी साबणाने हात धुवायला हवेत. टार्गेटखालचा कचरा केरसुणीने कोरडा झाडू नये. धूळ उडते ती शिशाचीच. किती तळघरांत हे पाळले जाते? पहाटे एखादी बाई येऊन सारे झाडून जाते. तिच्या तोंडाला पदरही नसतो आणि तिला कोणी काही सांगितलेलेही नसते. रेंजचे नियम तिच्यापर्यंत पोहोचत नसतील, तर ते अपुरे आहेत.

तीच गोष्ट हवेच्या नळकांड्यांची. आजच्या एअर रायफलला आणि पिस्तुलाला दोनशे बारपर्यंत दाबाची हवा भरलेली छोटी नळकांडी असते. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या ऐंशी-नव्वद पट हा दाब. त्या नळकांडीवर तिची मुदत छापलेली असते. सहसा दहा वर्षांची. मुदत पाहणे ही नेमबाजाचीच जबाबदारी असल्याचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. नवी नळकांडी महाग पडते, म्हणून ‘अजून चालतेय की’ म्हणत जुनी वापरली जाते, आणि जुनी विकतही घेतली जाते. २०२५ च्या मे महिन्यात दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर हवा भरताना नळकांडी फुटून एका अनुभवी नेमबाजाच्या अंगठ्याला गंभीर इजा झाली. तिथे गोळीचा काही संबंध नव्हता.

नियमांचा एवढा जप केल्यावर खेळातली मजा राहते का, असे कोणी विचारील. माझे उत्तर आहे, खेळच त्यातून तयार होतो. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साठ नेम आणि त्यासाठी सव्वा तास. चांगला नेमबाज नेम धरतो, मनासारखे जमत नाही असे वाटले की बोट बाहेर काढतो, रायफल खाली घेतो आणि श्वास घेऊन पुन्हा सुरुवात करतो. आलेली ऊर्मी परतवता येणे हीच त्याची कमाई. ‘स्टॉप’ म्हणताच थांबणे आणि न जमलेला नेम सोडून देणे ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत. सुरक्षेच्या नियमांत ढिलाई करणारा कोच नेम तरी नीट शिकवत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

मात्र नियम म्हणजे फलक नव्हे, हेही सांगायला हवे. काही ठिकाणी पंचवीस-तीस कलमांचा भलामोठा बोर्ड असतो. त्यात मोबाइल बंद ठेवा, चपला ओळीत ठेवा आणि नळी कोणावर रोखू नका, हे सारे एकाच मापाच्या अक्षरांत. असा बोर्ड कोणी वाचत नाही; अपघातानंतर दाखवायला तो बरा असतो. नियम थोडे असावेत आणि मोडले की त्याचे काही व्हावे. पहिल्यांदा नळी फिरली तर त्या दिवसापुरती नेमबाजी बंद, मग तो राज्य विजेता का असेना. थोडक्यात टळलेला प्रसंग आपण ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणून सोडून देतो आणि देवापुढे साखर ठेवतो. साखर जरूर ठेवावी. पण रेंजवर एक वहीही ठेवावी, आणि काय टळले, कशामुळे टळले, हे तीत त्याच दिवशी लिहावे.

शस्त्राबद्दल आपल्या मनात आदर नाही असे कोण म्हणेल? खांडेनवमीला आपण शस्त्रे पुसून मांडतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूची फुले घालतो. पण तोच आदर दुसऱ्या दिवशी लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीत कुठे असतो? देशात अशा गोळीबाराने नवरदेवाकडचे, नवरीकडचे, गच्चीवर उभे राहून वरात पाहणारे मेले आहेत. शेवटी २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा घालावी लागली. वर गेलेली गोळी खाली येते, हे कळायला कायदा लागावा! दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल घेऊन ‘हात वर’ म्हणणाऱ्या पोराचे आपण कौतुक करतो. टिकलीचे पिस्तूल बंद करा असे मी म्हणणार नाही. पण त्याच मुलाला पुढे खऱ्या रायफलपुढे उभे करायचे असेल, तर माणसावर काहीही रोखायचे नाही, खेळातलेही नाही, हे घरात कोणीतरी त्याला सांगायला हवे. रेंजवरचे दोन तास घरातल्या बाईस तासांशी भांडून जिंकू शकत नाहीत. रायफल घरी येत असेल तर ती कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात आणि पाहुण्यांना दाखवायला काढणे बंद, एवढे तरी घराचे नियम असावेत.

म्हणून मुलाचे किंवा मुलीचे नाव घालण्याआधी एक तास त्या रेंजच्या मागच्या बाकावर नुसते बसा. रिकाम्या बंदुकांत दोऱ्या आहेत का ते पाहा. टार्गेट बदलायला कोणी पुढे गेले की मागच्यांचे हात कुठे असतात ते पाहा. गोळीबाराच्या रेषेपुढे एखादे दार उघडत असेल, तर त्याला आतून कडी आहे का? हात धुवायला नळ आणि साबण आहे का, चष्मे आहेत का, नळकांड्यांच्या तारखा कोण तपासतो, हे विचारा. कोच बाहेर फोनवर असताना आत कोण असते, हेही विचारा. या प्रश्नांनी जो कोच वैतागेल, तिथून परत या. जो खुर्ची पुढे करून उत्तरे देईल, त्याच्याकडे फी भरा. त्याच्या पदकांची चौकशी नंतर केली तरी चालेल.

आणि शेवटचा प्रश्न मुलाच्या देखत विचारा : ‘‘तुमच्याकडून काही चुकलं, तर आमच्या पोराने तुम्हाला थांबवलेलं चालेल ना?’’ या प्रश्नाला हसून ‘चालेल काय, थांबवायलाच हवं’ असे म्हणणारा गुरू मिळाला, तर पोराला पदक मिळो न मिळो, शिक्षण चांगले मिळेल.